सुधाकरकाकांची तीन कोटेशनं

सुधाकरकाकांबद्दल मी लिहिणं हा आगाऊपणा आहे, हे मला कळतं. त्याबद्दल आधीच माफी मागतो. मी त्यांच्या नात्यातला नाही, गावचाही नाही. सिडनीत कॅसल हिलच्या त्यांच्या घरात मी सव्वा वर्ष एक खोली भाड्याने घेऊन राहिलो, एवढाच संबंध. माझं मराठी लिहिणं दहावीच्या निबंधापाशी थांबलंय. वडील इचलकरंजीत यंत्रमागावर काम करतात, आणि आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. ज्यांच्यावर लिहिलं जातं त्या माणसांनी काहीतरी मोठं केलेलं असतं, अशी माझी समजूत होती. काकांनी माझ्यासमोर केलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे घरासाठी एक गॅसचा हीटर निवडला. त्यात जवळजवळ अख्खा हिवाळा गेला. पण ते काकू लिहिणार नाहीत, आणि त्यांच्या मुलीला, ईशाला, मराठी बोलता येतं, लिहिता येत नाही. म्हणून मी लिहितोय.

कोविडचं पहिलं वर्ष होतं. पॅरामॅटाच्या ज्या रेस्टॉरंटमध्ये मी संध्याकाळच्या शिफ्ट करायचो ते बंद पडलं. ब्लॅकटाउनमध्ये आम्ही मुलं मिळून राहत होतो, तेही घर मोडलं. कोणी नातेवाइकांकडे गेलं, कोणी मिळेल त्या विमानाने परत गेलं. लोक त्या दिवसांबद्दल बोलताना भीती वाटायची म्हणतात. मला तसं आठवत नाही. मला काहीच वाटायचं नाही. युनिव्हर्सिटीची लेक्चरं लॅपटॉपवर चालू असायची आणि मी समोर बसलेला असायचो. मराठी मंडळातल्या एकांनी काकांचा नंबर दिला तेव्हाही मी तो कोणीतरी सांगितलं म्हणून फिरवला.

काकांनी माझी मुलाखत दारातच घेतली, मास्क लावून, पायरीवर मी आणि आत ते.

"खोली कशासाठी हवीय?"

"राहायला."

"ते झालं. गरज काय आहे?"

मला कळेना. मग म्हटलं, एक टेबल हवं, इंटरनेट हवं, जरा शांतता हवी.

"टेबल आहे. इंटरनेट आहे. शांततेचं मी सांगू शकत नाही, अप्पा आहेत."

गरज आधी, वस्तू मग, हे त्यांचं वाक्य मी पुढे इतक्यांदा ऐकलं की मलाही सवय लागली. काका पॅरामॅटाला एका सरकारी खात्यात खरेदी विभागात होते. खुर्च्या, प्रिंटर, गाड्यांचे टायर, जे काही खात्याला लागेल त्याची तीन कोटेशनं मागवायची, तिन्ही एका मापाने मोजायची, आणि मग एक निवडायचं. वीस-बावीस वर्षं हेच केलेलं. ऑफिस घरून सुरू झालं तरी ते सकाळी नऊला गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र घालून मागच्या खोलीत बसत. पाच वाजले की ते काढून फ्रिजच्या बाजूच्या हुकाला अडकवत. ओळखपत्र गळ्यात असताना काकूही त्यांना कोथिंबीर आणायला सांगत नसत.

राहायला आलो त्या दिवशी मी ब्लॅकटाउनच्या दुकानातून मिठाईचा डबा नेला होता. काकांनी तो हातात घेतला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "मीना, महेशने मिठाई आणलीय. मी ती घेतोय. ऐकलंस ना?"

"ऐकलं," काकू आतून म्हणाल्या.

"याचा त्याच्या भाड्याशी काही संबंध नाही."

"नाही. आणा इकडे तो डबा."

मग कुठे तो डबा आत गेला. ते थट्टा करत नव्हते. काकूंनी मला नंतर सांगितलं की लग्नात आलेली भांडीही यांनी अशीच सगळ्यांसमोर जाहीर करून घेतली होती.

अप्पा म्हणजे काकांचे वडील. ऐंशी कधीच ओलांडलेली. पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेच्या कोठीवर त्यांनी नोकरी केली होती. धान्य, तेल, कोळसा, मुलांची ब्लँकेटं, सगळ्याच्या किल्ल्या त्यांच्याकडे असत. काकांची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. पाचगणीच्या घरात अप्पा एकटेच राहत. त्या वर्षाच्या सुरुवातीला ते थोडे दिवस नातीला भेटायला म्हणून आले आणि सीमा बंद झाल्या. काकांनी त्यांच्यासाठी कपाट रिकामं करून दिलं होतं, पण अप्पांनी ते कधी वापरलं नाही. कपडे बॅगेतून काढायचे आणि धुऊन वाळले की घडी घालून बॅगेतच ठेवायचे. रोज सकाळी चहा घेताना ते एकच प्रश्न विचारत.

"सुधा, तिकिटाचं काय झालं?"

"बघतोय, अप्पा."

काका खरंच बघत होते. अडकलेल्या लोकांसाठी अधूनमधून खास विमानं निघत होती. पण अप्पांना पाठवलं तर ते तिथे एकटे. त्यांना काही झालं तर काका इथून निघू शकत नव्हते. देशाबाहेर जायला परवानगी लागायची, आणि परत यायचा भरवसा नव्हता. ठेवावं, तर रोजचा तो प्रश्न होताच.

जूनच्या सुरुवातीला, म्हणजे तिथल्या थंडीच्या तोंडावर, हीटरचं झालं. त्या घरात छतावरच्या पोकळीत गॅसचा मोठा हीटर होता आणि तिथून जाड नळ्यांतून गरम हवा प्रत्येक खोलीच्या छतातल्या जाळीतून खाली यायची. तो लावला की अप्पांचं डोकं दुखायला लागलं. काकांनी तपासायला माणूस बोलावला. तो शिडी लावून वर गेला, हातातलं यंत्र लावून बघितलं, खाली आला आणि गॅसचा कॉक बंद करून त्याला लाल चिठ्ठी बांधली. आतल्या लोखंडी पेटीला चीर गेली होती. जळलेल्या गॅसचा विषारी वायू गरम हवेबरोबर घरात येत होता. दुरुस्ती होणार नाही, नवीन घ्या, तो म्हणाला.

पुण्यामुंबईच्या माणसाला वाटतं सिडनीत कसली थंडी. पण कॅसल हिलची ती विटांची घरं आत फार गारठतात. काकांनी विजेचे दोन छोटे हीटर आणले, एक बैठकीत, एक अप्पांच्या खोलीत. विषारी वायू ओळखून वाजणारा एक अलार्मही आणला आणि अप्पांच्या खोलीबाहेर लावला. विजेच्या हीटरने घसा सुकतो म्हणून अप्पा तो बंद करून ठेवत आणि कानटोपी, स्वेटर, शाल, त्यावर ब्लँकेट असे बसून राहत.

त्या रविवारी जेवण झाल्यावर काकांनी सगळ्यांना टेबलाशी बसवलं. रविवार असून गळ्यात ओळखपत्र होतं.

"नवीन हीटर घ्यायचाय. आधी प्रत्येकाने आपली गरज सांगायची. ईशा?"

ईशा तेव्हा अकरावीत होती. "वॉर्म फीट. अँड नॉट टू लाउड, प्लीज. झूमवर सगळ्यांना ऐकू जातो."

"आवाज कमी. बरोबर. मीना?"

"स्वयंपाकघरात जाळी नको. तिथे मी तशीच तापलेली असते."

"महेश?"

"मला काहीही चालेल, काका."

"काहीही चालेल ही गरज नाही."

मग मी टेबलाखाली गार वारा येतो असं काहीतरी सांगितलं. काका अप्पांकडे वळले. "अप्पा, तुमची?"

"मला घरी जायचंय."

काका म्हणाले, "अप्पा, ते आजच्या विषयात नाही."

"मग माझी काही गरज नाही," अप्पा म्हणाले. ते रागावले नव्हते. त्यांनी उठून खुर्ची नीट आत सरकवली आणि आपल्या खोलीत गेले.

सगळ्यांना कळत होतं. नवीन हीटर घेतला, त्याची जाळी अप्पांच्या खोलीत बसवली, म्हणजे अप्पा पुढच्या हिवाळ्यातही इथेच. काकांना ते सगळ्यात जास्त कळत असणार. म्हणूनच असेल, त्यांनी ती निवड इतक्या नियमाने केली, की ती होईच ना.

पहिला कोटेशनवाला तरुण होता. गॅसचे दिवस गेले, विजेवर चालणारं घ्या, म्हणाला. दुसऱ्याने काकांना फोनवर व्हिडिओने छत दाखवायला लावलं आणि घरी आलाच नाही. तिसरा टोनी. साठीचा, गोल, गुडघे दुखत असल्यामुळे शिडीवर हळूहळू चढणारा. तो वर अर्धा तास होता. खाली उतरला तेव्हा अप्पा व्हरांड्यात बसलेले होते.

"सुधा," अप्पांनी हाक मारली. "माणूस घरात आलाय. चहा विचार."

"अप्पा, कोटेशन आल्यावर."

काकांचा तो नियम होता. ज्यांच्यातून निवडायचं त्यांच्यापैकी कोणाकडून काही घ्यायचं नाही आणि कोणाला काही द्यायचं नाही. पण काका आत मीटिंगला गेले आणि अप्पांनी स्वतः चहा केला, आल्याचा, भरपूर साखरेचा. टोनी पायरीवर, अप्पा लांब खुर्चीत, दोघांनी तो प्यायला. वर बिस्किटं. मी कपडे वाळत घालत होतो, म्हणून मला दिसलं. टोनीची आई इटलीत होती, नव्वदीची, आणि तोही जाऊ शकत नव्हता. हे तो इंग्रजीत सांगत होता. अप्पा मराठीत "हो ना, हो ना" म्हणत होते आणि पाचगणीच्या घराची कौलं आता कोण शाकारणार ते सांगत होते. दोघांचं बराच वेळ चाललं.

टोनीचं कोटेशन तिन्हींत उत्तम निघालं. त्या संध्याकाळी काका जेवताना म्हणाले, "टोनीला बाद करावं लागेल."

"का हो?" काकूंनी विचारलं.

"अप्पांनी त्याला चहा दिला."

"अहो, चहा आहे तो."

"बाकीच्या दोघांना दिला नव्हता."

"मग बाकीच्या दोघांना बोलाव," अप्पा म्हणाले. "त्यांनाही देतो."

ईशा हसली. काकूही हसल्या. "बाबा, इट्स अ हीटर," ईशा म्हणाली. काका हसले नाहीत. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि उद्यापासून नवीन तिसरा शोधावा लागेल म्हणाले. ऐन थंडीत ती कामं करणारी माणसं कुठे मिळायला बसलीत. कोणी पुढच्या आठवड्यात येतो म्हणायचा आणि यायचा नाही. लाल चिठ्ठी तशीच राहिली आणि जुलै उजाडला.

मला तेव्हा ते वेडेपणाचं वाटलं होतं. एकदा मी धीर करून विचारलंही, "काका, टोनीलाच का नाही देत?" ते म्हणाले, "महेश, एकदा निवडलं की परत नाही करता येत." मी हीटरबद्दल विचारलं होतं. त्यांनीही हीटरबद्दलच सांगितलं असेल.

एका दुपारी तो अलार्म वाजायला लागला. घरभर कर्कश आवाज. काका ओळखपत्र घातलेलेच बाहेर आले, वर बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हीटर बंद आहे. हा वाजूच शकत नाही." मग त्यांनी ड्रॉवरमधून त्याची माहितीपुस्तिका काढली आणि यंत्र बिघडलं तर किती वेळा वाजतं ते वाचायला लागले. मी त्यांच्याजवळ उभा राहून वाचत होतो. ईशा आपल्या ऑनलाइन क्लासमधून उठून आली, आम्हा दोघांकडे बघितलं आणि अप्पांच्या खोलीचं दार उघडलं.

अप्पा बुटक्या स्टुलावर बसले होते. समोर बार्बेक्यूचा लोखंडी ट्रे, त्यात गॅरेजमधले कोळसे, छान फुललेले. खिडकी बंद. दाराच्या फटीला टॉवेल लावलेला.

"ये," ते ईशाला म्हणाले. "हात शेक."

ईशाने खिडकी उघडली. काकांनी हाताला टॉवेल गुंडाळून तो ट्रे उचलला आणि मागच्या अंगणात गवतावर नेऊन ठेवला. काकूंनी अप्पांना बाहेर आणून मागच्या पायरीवर बसवलं आणि ॲम्ब्युलन्सला फोन केला. माणसं आली, तपासलं, थोडा वेळ ऑक्सिजन दिला. अजून थोडा उशीर झाला असता तर, असं म्हणाली आणि पुढचं बोलली नाहीत. दवाखान्यात नेऊ का विचारलं. अप्पा नको म्हणाले. दर थोड्या वेळाने बघत राहा, असं काकूंना सांगून ती गेली.

काका अप्पांच्या शेजारी पायरीवर बसले. वारा गार होता. गवतावर ते कोळसे अजून लाल होते.

"मी मुद्दाम काही केलं असं समजू नकोस," अप्पा म्हणाले. "मला थंडी वाजत होती, एवढंच."

"माहीत आहे, अप्पा."

"पाचगणीला जन्मभर शेगडीवर हात शेकले. तिथे कौलं असतात, त्यातून निघून जातं सगळं. तुझ्या या घराला श्वासच नाही."

मी त्यांना चिडलेलं, घाबरलेलं, रडलेलं कधी बघितलं नाही, तेव्हाही नाही. ते नुसते बसून राहिले, अप्पा उठेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी वार कामाचा होता, पण ओळखपत्र हुकावरच राहिलं. काकांनी टोनीला फोन केला. तिसरं कोटेशन आलेलं नव्हतं. त्यांनी त्याची वाटही बघितली नाही.

टोनी आला, वर गेला, मोजमापं घेतली. खाली येऊन त्याने काकांना पॅसेजमध्ये उभं राहून समजावलं. घराच्या टोकाची खोली, म्हणजे अप्पांची, फार लांब पडते. तिकडे जाणारी नळी फाटली आहे. त्या खोलीसकट घर गरम करायचं तर वरच्या मापाचा हीटर लागेल आणि नवी नळी टाकावी लागेल. ती खोली सोडली तर लहान माप पुरेल. आत्ता ठरवा, कारण नंतर ती खोली जोडायची म्हटलं तर हीटरच बदलावा लागेल.

दार उघडं होतं. अप्पा पलंगावर बसून घड्या घालत होते. काका दारात गेले.

"अप्पा, पुढच्या थंडीला ही खोली रिकामी असेल."

अप्पांनी हातातला सदरा बॅगेत ठेवला. "नक्की?"

"नक्की."

"तू मला उगाच बरं वाटावं म्हणून सांगत नाहीस ना?"

"नाही."

काका मागे वळले. "लीव्ह इट आउट," ते टोनीला म्हणाले.

"शुअर, मेट? द ओल्ड मॅन्स रूम?"

"लीव्ह इट आउट."

टोनीने मान डोलावली. मग काका स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी स्वतः चहा टाकला, सगळ्यांसाठी.

हीटर बसला तेव्हा थंडीचे मोजकेच दिवस उरले होते. अप्पांचा पलंग बैठकीत जाळीखाली हलवला. रात्री त्यांना शांत झोप लागायची. सकाळचा प्रश्न त्यांनी बंद केला. काका कामावरून उठले की एका जागी बसून फोन करत राहत, विमानांच्या यादीसाठी, चाचण्यांसाठी, पाचगणीच्या घरात कोणीतरी दिवसा असावं यासाठी. शेजारचा बबन तयार झाला. तो दोन्ही वेळचं जेवण आणून देणार होता.

पुढच्या वर्षी, तिथला उन्हाळा संपता संपता, म्हणजे फेब्रुवारीत, अप्पांचा नंबर लागला. विमानतळावर आत फक्त प्रवाशाला सोडत होते. नाशिकचं एक जोडपं त्याच विमानाने निघालं होतं, त्यांनी अप्पांना सोबत घेतलं. मी बॅग उचलायला गेलो होतो. अप्पांनी काकांच्या गालावरून हात फिरवला, मास्कवरूनच. "सुधा, शब्द पाळलास," ते म्हणाले. काच सरकली आणि ते आत गेले. त्या जोडप्याच्या लहान मुलाने काहीतरी विचारलं असावं, कारण ते खाली वाकून त्याला सांगत होते. मागे बघितलंच नाही.

काका गाडीत बसले आणि बराच वेळ किल्ली फिरवली नाही. मग म्हणाले, "हे झालं." घरी येईपर्यंत तेवढंच.

एप्रिलमध्ये तिकडे दुसरी लाट आली. त्याबद्दल मी काही लिहीत नाही. ज्यांनी बघायचं त्यांनी बघितलं आहे. आमच्या घरातही रोज टीव्ही चालू असायचा आणि काकू मध्येच येऊन तो बंद करायच्या, कारण ईशाचं बारावीचं वर्ष सुरू होतं. इथून जाणं अवघड होतंच, आता तिथून येणारी विमानंही थांबली. काकांनी जायची परवानगी मागितली होती. उत्तर काय आलं ते मी विचारलं नाही.

काका अप्पांना रोज फोन करायचे, दुपारी चारच्या चहाच्या वेळी. ईशा तेव्हा शाळेतून आलेली असायची. अप्पांना फोनवर कमी ऐकू यायचं, त्यामुळे बाकी कोणी बोलायच्या भानगडीत पडायचं नाही. काका मागच्या पायरीवर बसून मोठ्याने, एकेक वाक्य दोन-दोनदा सांगत. "जेवलात का? जेवलात का? बबन आला होता? बबन, बबन." पायरीला लागून ईशाच्या खोलीची खिडकी होती. ती आतून ओरडायची, "आजोबांना हाय सांगा." काका सांगायचे आणि मग खिडकीकडे बघून म्हणायचे, "अभ्यास कर म्हणतायत."

मे महिन्यापासून काका थोडे बदलले असं आता वाटतं, पण तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. पाच वाजून गेले तरी ओळखपत्र गळ्यात राहायचं. ईशाच्या वाढदिवसाला काकूंनी घरी गोड काही केलं नाही, बाहेरून केक आणला. आणि एक गोष्ट मी टिपली होती, पण तिचा अर्थ मी वेगळा लावला. फोनवर काका आता प्रत्येक वाक्य एकदाच म्हणत. मला वाटलं, अप्पांना चांगलं ऐकू यायला लागलंय, बबनने कानाचं यंत्र आणून दिलं असेल.

जूनमध्ये मला डबोला एका शाळेत कंप्यूटर सांभाळायची नोकरी मिळाली. सिडनीपासून पाच तासांचं अंतर. शनिवारी दुपारी मी जुन्या गाडीत सामान भरलं. काकूंनी डबा दिला, ईशाने खिडकीतून हात केला. काका मागच्या पायरीवर फोन कानाला लावून बसले होते. आत हीटर चालू होता, म्हणून त्यांनी पाठीमागचं दार ओढून घेतलं होतं. मी निरोप घ्यायला गेलो आणि बोलणं संपायची वाट बघत उभा राहिलो.

"हो," काका म्हणत होते. "हो. पाऊस सुरू झाला असेल आता. छत्री घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. ईशाचं छान चाललंय. महेश निघालाय आज, नोकरी लागली त्याला. हो, इथेच उभा आहे."

त्यांनी फोन कानापासून जरा लांब धरला. "अप्पा म्हणतायत, गाडी सावकाश चालव."

"सांगा हो म्हणून," मी म्हटलं.

"हो म्हणतोय," काका फोनमध्ये म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे बघून हात वर केला. मी निघालो. त्यानंतर काकांना मी पाहिलेलं नाही.

लगेचच सिडनी बंद झालं आणि ते बरेच महिने बंद राहिलं. ईशाची परीक्षा पुढे ढकलली, मग आणखी पुढे. मी डबोत होतो. अधूनमधून मेसेज टाकायचो, काका अंगठा पाठवायचे.

वर्षाच्या शेवटी ईशाचा फोन आला. परीक्षा झाली का, पेपर कसे गेले, मी विचारत गेलो. ती मध्येच म्हणाली, "दादा, तुला माहीत होतं?"

"काय?"

"आजोबांचं."

"त्यांचं काय?" मी विचारलं, तेव्हा तिला कळलं. "ओके. सो तुलाही नाही सांगितलं." मग तिने सांगितलं. अप्पा मे महिन्यातच गेले होते. पाचगणीच्या घरात, दोन दिवस ताप आला होता तेवढाच. काकांच्या चुलतभावाने सगळं केलं. काकूंना माहीत होतं. तिची बारावी म्हणून तिला सांगायचं नाही असं ठरलं, आणि माझ्या तोंडून जाईल म्हणून मलाही नाही. शेवटचा पेपर देऊन ती बाहेर आली तेव्हा काकांनी गाडीत बसल्यावर सांगितलं.

"रोज चार वाजता," ती म्हणाली. "मी रोज हाय म्हणायचे. फोन लागलेलाच नसायचा."

मला रडू आलं नाही. मी डबोच्या त्या खोलीत भिंतीकडे बघत उभा होतो. काका कुठे आहेत विचारलं.

"पाचगणीला. फ्लाइट्स सुरू झाल्या ना. काल गेले." "जाताना म्हणाले, महेशला तू सांग. आणि एक निरोप दिलाय, नक्की सांग म्हणाले. तू निघालास त्या दिवशी, गाडी सावकाश चालव म्हणाले होते ना? ते आजोबांचं नव्हतं. ते त्यांचं होतं."